एअर रायफलचे पेलेट: निवड आणि नळीतली बसवणी

शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगलेल्या गोव्यातील जुन्या घरांत एक गोष्ट लहानपणापासून कानावर पडते: दारू कितीही कोरडी असली तरी टोपी नीट बसलेली नसेल तर बार उडत नाही. काडतुसाच्या बंदुकीत त्या टोपीची जागा प्रायमरने घेतली. काडतुसे पुन्हा भरणे हे आपल्याकडे परवान्याच्या चौकटीतले काम आहे आणि ते घरच्या मेजावर करण्यासारखे नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये मात्र दारूही नसते आणि टोपीही नसते. दाबलेली हवा, नळी आणि अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा एवढ्यावरच सगळे चालते. त्यामुळे टोपी बसवताना जुने शिकारी जी काळजी घेत, ती सगळी इथे या एका तुकड्याच्या वाट्याला यावी लागते. रेंजवर त्याला सगळे पेलेटच म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरला आहे.

पेलेटचा आकार बारकाईने पाहिला तर निम्मा विषय तिथेच उलगडतो. पुढे चपटे तोंड, मध्ये बारीक कंबर आणि मागे घागऱ्यासारखी पसरलेली पोकळ कड, जिला स्कर्ट म्हणतात. स्पर्धेचे पेलेट चपट्या तोंडाचे असते, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण निर्विवाद मोजता येतात. नळीत तोंडाचा भाग आट्यांच्या, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांच्या, उंचवट्यांवरून सरकत पेलेटला मध्यभागी धरून ठेवतो, तर मागची पातळ कड हवेच्या दाबाने किंचित फुलून आट्यांत रुतते, हवा पुढे निसटू देत नाही आणि पेलेटला फिरकी देते. पेलेट नळीतून बाहेर पडते त्या क्षणी मागची हवा या कडेभोवतून सुटते. कड एका बाजूला दबलेली असेल तर हवा त्या बाजूने आधी सुटते, पेलेटच्या बुडाला बाजूचा धक्का बसतो आणि ते कलते. नेम, श्वास, ट्रिगर हे सर्व बिनचूक असूनही एखादा शॉट अकारण बाहेर जातो, त्याचे कारण पुष्कळदा ही दबलेली कड असते.

हा फरक किती महागात पडतो ते आकड्यांत पाहावे. एअर रायफलच्या टार्गेटवर १० चे वर्तुळ अवघ्या ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर. पेलेटच्या भोकाचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरवर असेल तर १०.० गुण मिळतात आणि तिथून आत येताना दर ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण वाढत जातो, कमाल १०.९. साठ शॉटमध्ये ६३० गुण करायचे असतील तर प्रत्येक शॉटची सरासरी १०.५ पडावी लागते, म्हणजे पेलेट सरासरीने केंद्राच्या सव्वा मिलिमीटरच्या आसपास लागावे लागते. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि २०२२ साली ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात विश्वविजेते झाले. त्या पातळीवर एक मिलिमीटर हे फार मोठे अंतर असते. पिस्तुलाचे तसे नाही. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १० चे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, म्हणून पिस्तूल शिकणाऱ्याने पहिली दोन वर्षे पेलेटच्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. एक चांगली डबी ठरवावी आणि हात घडवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवड

रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम वजनाचे आणि पिस्तुलासाठी त्याहून हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे पेलेट वापरण्याची रीत आहे. स्पर्धेच्या रायफलमधून पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघते. पिस्तुलाचा वेग त्याहून कमी, म्हणून तिथे हलके पेलेट सोयीचे पडते. आरडब्ल्यूएसचे आर १०, एच अँड एनचे फिनाले मॅच, जेएसबीचे मॅच ही नावे आपल्याकडच्या रेंजवर नेहमी ऐकू येतात आणि ही सर्वच चांगली आहेत. नवशिक्याचा पहिला प्रश्न यांतले सर्वांत चांगले कोणते, असा असतो. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण चांगले पेलेट असे स्वतंत्रपणे काही नसते. अमुक नळीला चांगले जुळणारे पेलेट तेवढे असते. शेजारच्या लेनवरच्या मुलाची आणि तुमची रायफल एकाच कंपनीची, एकाच वर्षाची असली तरी दोन्ही नळ्यांना एकच डबी मानवेल याची खात्री नसते.

डबीवर कंपनीच्या नावाखाली तोंडाचे माप लिहिलेले असते: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. हा शंभरावा भाग क्षुल्लक वाटला तरी नळीतली पकड त्यावर ठरते. तोंड नळीला बारीक पडले तर पेलेट किंचित तिरके सरकू शकते, आणि जाड पडले तर आट्यांत शिरताना शिसे जास्त चेपले जाते. मात्र हे माप व्हर्निअरने पडताळण्याच्या फंदात पडू नये. शिसे इतके मऊ असते की जबड्यांच्या दाबाने तेच चेपते आणि आपण मोजलेला आकडा खोटा ठरतो. डबीवरचे माप चाचणीची सुरुवात कुठून करावी एवढेच सांगते. अखेरचा निकाल टार्गेटवर लागतो.

तोंडाच्या मापाइतकाच महत्त्वाचा, पण हमखास दुर्लक्षिला जाणारा आकडा म्हणजे लॉट क्रमांक. तो डबीच्या बुडाला किंवा मागच्या चिठ्ठीवर असतो. एकाच नावाचे आणि एकाच मापाचे पेलेट वेगवेगळ्या साच्यांतून, वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि त्यांचे वागणे बदलते. त्यामुळे चाचणीत जी डबी जुळली तिचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि त्याच क्रमांकाच्या डब्या जमतील तेवढ्या एकदम घ्याव्यात. नाव पाहून दुसऱ्या लॉटची डबी घेणाऱ्याने चाचणीसाठी घातलेली दुपार वाया घालवली असेच म्हणावे लागेल. एका डबीत बहुधा ५०० पेलेट असतात. रोजच्या सरावाला ८० ते १०० धरले तर ती पाच-सहा दिवसांत संपते, म्हणजे वर्षाला १०,००० शॉट मारणाऱ्याला वीस डब्या लागतात. सगळ्या स्पर्धेच्या दर्जाच्या घेणे पुष्कळांना परवडत नाही. त्यांनी जुळलेल्या लॉटच्या चार-पाच डब्या स्पर्धांसाठी आणि शेवटच्या आठवड्यांच्या सरावासाठी राखाव्यात आणि एरवी त्याच वजनाचे स्वस्त पेलेट वापरावे. वजन सारखे असले की साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, फारशी हलवावी लागत नाही.

चाचणी घेताना घाई करू नये. क्लबकडे रायफल घट्ट पकडणारा शिकंजा असेल तर उत्तमच. नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, मेजावर बसून, शक्यतो क्लबमधल्या सर्वांत स्थिर हाताच्या नेमबाजाकडून चाचणी करून घ्यावी. उभे राहून मारलेल्या ग्रुपवरून, म्हणजे लागोपाठच्या शॉटच्या भोकांच्या पुंजक्यावरून, पेलेट निवडता येत नाही, कारण त्यात शरीराची हालचाल मिसळलेली असते. तीन-चार लॉट किंवा मापे घ्यावीत. प्रत्येकाचे पहिले पाच शॉट मोजू नयेत, कारण नळीत आधीच्या पेलेटच्या शिशाचा पातळ थर असतो आणि नव्या पेलेटला त्यावर स्थिरावायला काही शॉट लागतात. त्यानंतर दहा शॉटचा एक ग्रुप मारावा. सर्व लॉटचा एकेक ग्रुप झाला की उलट्या क्रमाने दुसरी फेरी करावी, म्हणजे मारणाऱ्याचा थकवा एकाच लॉटच्या माथी येत नाही. तीन फेऱ्यांपेक्षा कमी माहितीवर निर्णय घेऊ नये. पाच शॉटचा एखादा देखणा ग्रुप कोणत्याही डबीतून योगायोगाने निघू शकतो.

ग्रुप मोजण्यासाठी सगळ्यांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्निअरने घ्यावे आणि त्यातून ४.५ वजा करावे. उरलेला आकडा दोन केंद्रांमधले अंतर होय. उदाहरणार्थ, बाहेरून ५.६ मिलिमीटर भरले तर केंद्रांतले अंतर १.१ मिलिमीटर. कागद जाड आणि नीट ताणलेला असावा, नाहीतर कडा फाटतात आणि मापाला अर्थ राहत नाही. दोन लॉटमध्ये सरासरी अगदी जवळची आली तर ज्याचा सर्वांत वाईट ग्रुप कमी वाईट तो घ्यावा. स्पर्धेत साठ शॉट एकामागून एक भरायचे असतात, तेव्हा पेलेटचे क्वचित दिसणारे अचाट यश उपयोगी पडत नाही, त्याने दगा न देणे उपयोगी पडते.

पुष्कळ पालक विचारतात की पेलेट तोलून घ्यावेत का. हिशेब करून पाहू. पेलेटला दहा मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ते गुरुत्वाने सुमारे १७ ते १८ मिलिमीटर खाली येते. वजनात एक टक्का, म्हणजे पाच मिलिग्रॅमचा फरक पडला तर तेवढ्याच ऊर्जेत वेग अर्ध्या टक्क्याने बदलतो आणि पडण्यात साधारण ०.१८ मिलिमीटरचा फरक येतो. हा ०.१ गुणाहूनही कमी आहे, आणि चांगल्या डबीत इतका फरक सहसा आढळत नाही. शिवाय मिलिग्रॅमपर्यंत अचूक काटा नसेल तर तोलण्याला अर्थच नाही. तोच वेळ प्रत्येक पेलेटची कड पाहण्यात घालवावा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शंभर पेलेट उजेडात पाहून कड गोल आहे ना, तोंडावर खाच नाही ना, आत शिशाचा कण चिकटलेला नाही ना, एवढे तपासायला अर्धा तास पुरतो. काचेच्या किंचित कलत्या पट्टीवर पेलेट घरंगळू देण्याची जुनी युक्तीही कामाची आहे. कड तोंडापेक्षा जाड असल्याने चांगले पेलेट एकाच वळणाने फिरत जाते आणि दबलेले पेलेट वाकडी वाट धरते. वेगळे काढलेले पेलेट फेकू नयेत. वॉर्मअपला ते चालतात.

गोव्याची हवा आणि शिसे

शिशाला ओल आणि आम्ल दोन्ही सोसत नाही, आणि आपल्याकडे दोन्ही मुबलक आहेत. मिरगापासून पुढचे चार महिने कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा बुरसते, तिथे उघडी डबी कशी टिकेल? पण पावसाइतकाच धोका घरातल्या एका गोष्टीचा असतो, जी कोणाच्या लक्षात येत नाही: व्हिनेगरची वाफ. व्हिनेगरातल्या अॅसिटिक आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते. काही जातींच्या लाकडी कपाटांतूनही तीच वाफ हळूहळू सुटत असते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे शॉट श्रावणात विखुरू लागले. आम्ही तिचा स्टान्स, जॅकेट, ट्रिगरचे वजन असे सारे तपासले आणि तीन आठवड्यांनी लक्षात आले की डबी स्वयंपाकघराच्या फळीवर माडाच्या विनागराच्या बाटलीशेजारी ठेवली जात होती. पेलेटच्या कंबरेत पांढरी भुकटी दिसत होती. मी ती डबी पहिल्याच दिवशी उघडून पाहायला हवी होती.

म्हणून ज्याप्रमाणे आपल्या घरांत मे महिन्यात पुरुमेत भरून ठेवतात, सुकी मासळी, आमसुले आणि मीठ घट्ट बंद करून ठेवतात, तशीच पेलेटची तजवीज पाऊस लागण्यापूर्वी करावी. सीलबंद डब्या प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, पुड्या महिन्याला बदलाव्यात आणि एका वेळी एकच डबी उघडावी. पांढरी भुकटी धरलेले पेलेट पुसून वापरू नये. ती भुकटी विषारी असते आणि नळीच्या आतल्या भागालाही घासते. असे पेलेट रेंजवर शिसे गोळा करण्याच्या डब्यात टाकावेत. स्कूटरच्या डिकीत अर्धी भरलेली डबी टाकून फोंड्याहून पणजीला नेली तर रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर शंभर पेलेट एकमेकांच्या कडा ठोकतात. डबीच्या झाकणाखालचा फोमचा तुकडा म्हणूनच जपावा, पेलेट कमी झाले की त्याच्यावर आणखी एक तुकडा ठेवून पोकळी भरावी आणि डबी बॅगेत आडवी न ठेवता उभी ठेवावी.

शिशाच्या बाबतीत आणखी एक सूचना, आणि ती लहान मुलांच्या पालकांनी मनावर घ्यावी. शिसे शरीरात साठते आणि मुलांच्या मेंदूला त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. पेलेट तोंडात धरू नये, सरावाच्या वेळी खाऊ-पिऊ नये, संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि रेंजची जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

बसवणी

पेलेट बसवण्यापूर्वी रायफल टार्गेटच्या दिशेनेच आहे आणि बोट ट्रिगरपासून दूर आहे याची खात्री करावी. हे दर शॉटला करायचे आहे, फक्त पहिल्या शॉटला नव्हे. रेंजवर सुरुवातीचा आदेश मिळेपर्यंत नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी दोरी, राहतोच; तो काढल्यावरच लोडिंगचा विचार करावा.

हवेचे सिलिंडर असलेल्या स्पर्धेच्या रायफलमध्ये लीव्हर उघडला की नळीच्या मागे एक छोटी खाच दिसते. पेलेट अंगठा आणि तर्जनीने कंबरेजवळ धरून, चपटे तोंड पुढे करून त्या खाचेत आडवे ठेवावे. कडेला नखाने दाबू नये; डबी सोडल्यानंतर कडेला सर्वांत जास्त इजा तिथेच होते. तोंड नळीच्या भोकासमोर सरळ आले आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि लीव्हर सावकाश, एकाच वेगाने मिटावा. लीव्हरबरोबर पुढे सरकणारी छोटी दांडी पेलेटला नळीत ढकलते आणि नेमक्या खोलीवर सोडते. ती खोली यंत्राने ठरवलेली असते, आपल्या हाती फक्त पेलेट सरळ ठेवणे आणि लीव्हर न आपटणे एवढेच असते. मिटताना हाताला एक हलका, गुळगुळीत विरोध जाणवतो. तो दर वेळी सारखा असला पाहिजे. विरोध जास्त वाटला तर जोर न लावता लीव्हर पुन्हा उघडावा. बहुधा पेलेट तिरके किंवा उलटे असते. विरोध मुळीच जाणवला नाही तर खाच रिकामी असू शकते किंवा पेलेट बाहेर पडलेले असू शकते.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये बसवणीची सारी जबाबदारी अंगठ्यावर येते, आणि गोव्यातली पुष्कळ मुले याच रायफलवर पहिले धडे घेतात. नळी पूर्ण मोडल्यावर ती दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवावी आणि पेलेट बसेपर्यंत सोडू नये. ट्रिगर चुकून ओढला गेला किंवा अडकण झिजलेली असली तर नळी झटकन परत येते आणि बोट जायबंदी होते. पेलेट तोंडाकडून भोकात घालून अंगठ्याच्या गाभ्याने सरळ दाबावे, म्हणजे कड नळीच्या मागच्या पृष्ठभागाशी सपाट होईल. बाहेर राहिलेली कड नळी बंद होताना कापली जाते किंवा एका बाजूला मुडपते. उलट, पेन्सिलीच्या टोकाने पेलेट खोल ढकलण्याची सवय काही जण लावून घेतात; तसे केल्याने दर वेळी खोली बदलते, कड आतून ओरखडते आणि वेगही बदलतो. सपाट बसवणे हीच एकमेव खोली दर वेळी तंतोतंत साधता येते, म्हणून मी विद्यार्थ्यांना दुसरी शिकवत नाही. दाबताना पेलेट एका बाजूला झुकले तर काढून दुसरे घ्यावे. जमिनीवर पडलेले पेलेट स्पर्धेत उचलून वापरू नये, कारण त्याच्या कडेला काय झाले ते घाईत कळत नाही.

लोड केले होते की नाही याचा विसर पडला तर अंदाजाने दुसरे पेलेट भरू नये. रायफल टार्गेटकडे ठेवून रेंज ऑफिसरला हात वर करून सांगावे. पेलेट नळीत अडकले तर आधी ती हवेने, टार्गेटच्या दिशेने, त्याच्या देखरेखीखाली मोकळी करून पाहावी. तरीही निघाले नाही तर रायफल पूर्ण निर्धोक करून, पितळी किंवा प्लॅस्टिकचा मुलामा असलेल्या सळईने, शक्यतो मागच्या बाजूने ढकलावे. उघडी लोखंडी सळई नळीच्या आट्या कायमच्या खराब करते.

डबी-दोन डब्या संपल्या की नळीतून फेल्टच्या गोळ्या मारून ती पुसावी. स्प्रिंगच्या रायफलीच्या नळीत तेल घालू नये, कारण दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, वेग बिघडतो आणि सीलही जळतात. सफाईनंतरचे दहा-वीस शॉट ग्रुपमध्ये धरू नयेत. नळीवर शिशाचा थर पुन्हा बसू द्यावा. स्पर्धेच्या सकाळी नळी साफ करणाऱ्या मुलांना मी थांबवतो, ती दोन दिवस आधी साफ करून रोजच्या पेलेटने चाळीस शॉट मारायला सांगतो, आणि त्या दिवशी वापरायच्या डबीचा लॉट क्रमांक त्यांच्या वहीत माझ्यासमोर लिहून घेतो.